शस्त्रं बाहेर ठेवावीत

पाटी वाचून मिस्टर टर्नर आत आलेच. वेटिंग रूममधल्या दोन बायकांनी मासिकात तोंडं खुपसली. आज मिस्टर टर्नरच्या कमरेला दोन पिस्तुलं होती. उजवीकडचं जुनं, सगळ्यांच्या ओळखीचं. डावीकडचं नवीन.

"उत्तरा, दुसरंही आणलंय गं त्याने," सुहासिनीकाकू आतल्या खोलीत येऊन कुजबुजल्या. "हा दवाखाना आहे की पोलीसचौकी?"

काकू म्हणजे उत्तराच्या घराशेजारच्या विनयच्या आई. नवरा गेल्यावर मुलाकडे अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला राहायला आल्या. घरी बसून अंगाला गंज चढतो म्हणून त्या रोज डॉक्टर उत्तराच्या गाडीत बसून मक्याच्या शेतांमधल्या या गावी येत. फोन घेणं, पेशंटची वजनं करणं काकूंकडे.

"पाटी काय शोभेला लावलीय?"

"मी बोलते, काकू."

"तू बोलणार! उन्हाळाभर ऐकतेय. बोलशील तेव्हा पेढे वाटीन."

काकूंचं खोटं नव्हतं. उत्तराचा नवरा चारुदत्तही एप्रिलपासून तेच सांगत होता. "ओहायोत उघड पिस्तूल बाळगायला मनाई नाही, मान्य. पण दार आपलं आहे यार. आत कोणी काय आणायचं ते आपण ठरवायचं. पाटी लाव, विषय क्लोज कर." चारुदत्त इंजिनियर. त्याचे सगळे विषय क्लोज होत.

उत्तराचे होत नसत. दारी आलेल्याला उंबऱ्यावर अडवणं तिच्या जिवावर येई, त्यातून आजारी माणसाला. आणि खरं म्हणजे तिला मिस्टर टर्नरची भीती वाटे.

मार्चमध्ये याच माणसाला ती दरडावून बोलली होती. भूक गेलेली, अंग उतरलेलं, आणि तपासण्या नकोत हा हट्ट. "वजन आणखी उतरलं तर मी काही ऐकणार नाही," ती म्हणाली होती. "सरळ कोलंबसच्या हॉस्पिटलात भरती करीन."

"आणि डोरोथीला कोण बघेल?" बायकोच्या अंगावरून वारं गेलेलं. मूलबाळ नाही.

"ते नंतर बघू," उत्तरा म्हणाली होती. जरा तोडूनच.

पुढच्या खेपेला मिस्टर टर्नर पिस्तूल लावून आले.

राग धरला असणार, दुसरं काय? परदेशी बाई, वर शहाणपण शिकवते. मग दाढी वाढली. मग कमरेला काडतुसांचा पट्टा आला. ऑगस्टच्या उकाड्यातही अंगावर जाड कोट. बोलायचे मात्र मऊ, "येस मॅम, नो मॅम." त्यानेच उत्तराला जास्त धास्ती वाटे. त्यांना तपासताना तिची नजर पट्ट्यावरून वर जात नसे. छातीला नळी लावायची, औषध लिहून द्यायचं, सुटलो म्हणायचं.

काकूंची तर वेगळीच तऱ्हा. मिस्टर टर्नर काट्यावर चढले की त्या हात लांब करून दांडीवरचं वजन सरकवत, तापल्या तव्यावरची पोळी उलटावी तशा. आणि तिथूनच ओरडत, "जसंच्या तसं गं!" औषध तेवढं लागू पडलं होतं. तेवढंच उत्तराला समाधान.

पण गेल्या आठवड्यात एक गरोदर बाई त्यांना बघून दारातूनच परत फिरली, आणि उत्तराने पाटी टाइप करायला घेतली.

ती बाहेर आली. मिस्टर टर्नर सवयीने काट्याकडे निघाले होते.

"मिस्टर टर्नर, पाटी वाचलीत ना?"

"येस मॅम."

"मग ही पिस्तुलं?"

ते थांबले. "आधी वजन करून घेऊ, डॉक. मग काढतो."

"नाही. आधी काढायची."

"कायदा माझ्या बाजूने आहे."

"हो. आणि दार माझं आहे." ती म्हणाली. "नाहीतर मला तुम्हाला परत पाठवावं लागेल. ते मला नकोय. तुम्ही माझे पेशंट आहात."

काकूंनी फोनवर हात ठेवला होता.

मिस्टर टर्नरनी तिच्याकडे पाहिलं. उत्तराने पहिल्यांदाच नजर वर नेली. डोळे रागीट नव्हते. दमलेले होते.

त्यांनी उजवीकडचं पिस्तूल काढून टेबलावर ठेवलं. मग डावीकडचं. मग काडतुसांचा पट्टा, त्याचा धप्प आवाज झाला. मग कोटाच्या खिशांतून मुठी भरभरून काडतुसं.

"बाई गं," काकू मराठीत म्हणाल्या, "युद्धावर निघाला होता की काय मेला!"

"कोटही," उत्तरा म्हणाली. आता तिला धीर आला होता. मिस्टर टर्नरनी कोट काढला, तो टेबलाच्या कडेला लागून ठण्णकन वाजला.

"थँक यू, मिस्टर टर्नर," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. काकूंनी फोनवरचा हात काढला आणि उत्तराकडे बघून डोळे मिचकावले. पेढे नक्की.

मिस्टर टर्नर एका हाताने पँट कमरेशी धरून काट्यावर चढले. काकू आज पहिल्यांदाच बिनधास्त जवळ गेल्या. दांडीवरचं वजन त्यांनी सवयीने नेहमीच्या जागी सरकवलं आणि ओरडायला तोंड उघडलं.

दांडी वर आली नाही.

"डॉक," मिस्टर टर्नर भिंतीकडे बघत म्हणाले, "डोरोथीला माझ्याशिवाय कूससुद्धा बदलता येत नाही."

काकूंनी वजन कमी आकड्याकडे, मागे सरकवलं. मग आणखी मागे. मग आणखी.