तन्मयची दाढ

अक्कलदाढ काढली होती तन्मयची, पण पातळ ताकभात कसाबसा गिळत होत्या शैलाताई. लहानपणीच्या लसींपासून लेकाची प्रत्येक कळ त्या मनगटावरच्या पट्टीतून स्वतःकडे घेत आल्या होत्या. ही कळ तीनच दिवस राहायची होती. तन्मयला मात्र काहीच जाणवत नव्हतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्याने फरसाण घालून मिसळ खाल्ली आणि जखम पुन्हा उघडली. आज सातवा दिवस होता.

“आई, डबा झाला का?” त्याने विचारलं.

शैलाताईंनी पट्टी सोडून त्याच्या मनगटावर बांधली आणि पलंगावर आडव्या झाल्या.

तन्मय गाल धरून मटकन खाली बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “आई, एवढं दुखत होतं तुला?”

त्यांना केव्हाच झोप लागली होती.