भावाच्या नावावरचं शेत

"उन्हं कलायच्या आत जो पुरुष गडाखाली उतरेल, त्याला त्याचं शेत परत मिळेल! त्याच्या स्वतःच्या नावावर!"

दुभाष्याने रोमन अधिकाऱ्याचा निरोप ओरडून सांगितला आणि वेढ्यात उपाशी पडलेला गड हसत सुटला. झाडांच्या साली उकडून खाणारी माणसं तटाचा आधार घेऊन हसली. आमच्या कांताब्री डोंगरात शेत आईचं, तिच्यामागून लेकीचं. पुरुषाने नांगर धरावा, भाला धरावा आणि बहीण ठरवील त्या घरी नांदायला जावं. एवढी फौज घेऊन आलेल्या रोमला एवढं साधं कुणाला विचारता आलं नाही.

दोइदेना मात्र हसली नाही. तिचा धाकटा भाऊ विरोन दरवाजावर पहाऱ्याला होता, आणि तोही हसत नव्हता.

"कुठलं शेत?" त्याने वरून विचारलं.

"ओढ्याकाठचं. ही बघ माती," दुभाष्या म्हणाला.

अधिकाऱ्याने मूठ उघडून दाखवली. माती काळीभोर होती. शेत दोइदेनाचं, पण मिसरूड फुटल्यापासून ते नांगरत होता विरोन.

"राबलायस तू, नाही म्हणत नाही," दोइदेना म्हणाली. "पण तू उतरलास तर तुझ्यामागे निम्मा गड उतरेल. मग आम्ही मेलोच."

"आक्के, हा धर जरा."

त्याने भाला तिच्या हातात दिला, अडसर काढला आणि दरवाजातल्या छोट्या दिंडीतून वाकून बाहेर पडला.

"घरबुडव्या!" तटावरून कुणीतरी ओरडलं. दोन पोरं त्याच्यामागे उतरायला दिंडीकडे सरकली. दोइदेनाने भाला भावाच्या पाठीवर रोखला. तो वाट उतरत गेला तरी तिने तो खाली घेतला नाही.

विरोनने अधिकाऱ्यापुढे ओंजळ पसरली. अधिकाऱ्याने खुशीत तिच्यात माती टाकली. ती घट्ट धरून विरोन वळला आणि गडाकडे पळत सुटला. खालच्यांना उमज पडेपर्यंत तो आत आला होता. बाण दिंडीच्या लाकडात रुतले.

त्याने माती बहिणीच्या ओच्यात ओतली.

"घे तुझं शेत," तो धापा टाकत म्हणाला. "मला एकट्याला एवढंच आणता आलं. बाकीचं आणायला सगळ्यांनी चला. दे भाला."