डावा पीळ

मोटारशर्यतींचं वेड मला, म्हणून आईला ओढत प्रदर्शनात नेलं. मधोमध ती पूर्वी कामाला होती त्या गॅरेजची अजिंक्यपद जिंकलेली गाडी उभी होती. फलकावर मेकॅनिक म्हणून गॅरेजमालकाचं नाव. “इंजिन मी बांधलंय,” आई म्हणाली. मार्गदर्शक हसला, “आजी, असं रोज कुणीतरी म्हणतं.” माझं डोकंच फिरलं. आई मात्र दोरीवरून वाकली. उघड्या इंजिनाचे बोल्ट सुटू नयेत म्हणून त्यांतून ओवलेली तार तिनं दाखवली. “बाकी गाड्यांत तारेचा पीळ उजवा, हिच्यात डावा. मी डावखुरी. त्यावरून मालकाची बोलणी खायचे.” त्यानं शेजारच्या दोन गाड्या तपासल्या, मग पक्कड आणि तार आणून दिली. आईनं डाव्या हातानं पीळ दिला, हुबेहूब तोच. त्यानं दोरी सोडली, “उस्ताद, आत या.” “येते,” आईनं पक्कड फलकाकडे रोखली, “आधी याचे स्क्रू तू काढतोस की मी?”