येताना आईला आणा

शाळा पालकांनीही मिळून चालवायची असं ठरलं, तेव्हा गळका नळ प्लंबरच्या वाट्याला आला, अडकणारं दार सुताराच्या आणि पडदे शिंप्याच्या. वाचनालयाची कपाटं आवरायचं काम मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतःच्या अंगावर घेतलं.

पुढच्या बैठकीला प्लंबर मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून बसला. नळाचं काय झालं विचारल्यावर म्हणाला, "आज करणारच होतो बाई, पण पाना घरी राहिला." सुताराचं नेमकं पोट दुखत होतं आणि शिंप्याकडे पाहुणे आले होते.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पुढच्या वेळी येताना प्रत्येकाने आपापल्या आईला घेऊन यायचं."

सगळे हसले. प्लंबरही हसला, पण रात्री जेवताना त्याला आईच्या नजरेला नजर देववेना. नातवंडांसमोर ती गरीब गाय असली, तरी तिचा हात तो अजून विसरला नव्हता.

सकाळी उजाडताच तो पाना घेऊन शाळेत पोचला, तर सुतार आधीच दाराला रंधा मारत होता आणि शिंपी पडदे टांगत होता. कुणी कुणाकडे बघेना.

नळ बसवून त्याने सहज वाचनालयात डोकावलं. बाई पदर खोचून मुकाट्याने पुस्तकांवरची धूळ झटकत होत्या.



दाराशी खुर्ची टाकून बसलेली म्हातारी म्हणाली, "बघतोस काय? हिचंही राहिलं होतं. मी हिची आई."