लाजरा तंबोरा

“कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण माझ्या आवाजापुढं तंबोरासुद्धा लाजतो!” मिरजेच्या भजनी मंडळात दत्तोबांनी मांडीवर थाप मारली. समोर ठेवलेल्या त्यांच्या मोबाईलमधून तंबोरा वाजत होता.

मंडळाची दुरुस्त केलेली पेटी परत द्यायला आलेली रेहाना दारातच थबकली. हा नाद तिच्या घरचा होता. वडिलांनी घडवलेला तंबोरा मोबाईलवर वाजावा म्हणून तिनं एकटीनं दोन वर्षं खपून ॲप बनवलं होतं. आता गावोगावी लोक त्यावर गात होते. विकत घेणारे मात्र एका सतरंजीवर मावतील एवढेच. बाकी सगळ्यांकडं चोरीची प्रत. येत्या सोमवारी ती ॲपची विक्री बंद करून नोकरी धरणार होती.

“परवा मी आलाप लावला,” दत्तोबा रंगात आले, “तर दहा मिनिटांत तंबोऱ्याचा सूर खाली! चिंचेवरच्या कोकिळेनं तर त्या दिवसापासून गाव सोडलंय.”

“फुकटातलं ॲप असेल,” टाळकऱ्यानं टोमणा मारला.

“छट्! विकत घेतलंय. दुसऱ्याच्या कष्टाचं फुकट घ्यायची आपली सवय नाही.”

दत्तोबांनी लांबलचक तान घेतली आणि मोबाईलमधला तंबोरा खरोखरच उतरला. मंडळी थक्क.

“बघा, लाजला!”

रेहाना कित्येक दिवसांनी खळखळून हसली. “आजोबा, तो तुम्हाला नाही लाजला. चोरीच्या प्रतीत दहा मिनिटांनी सूर उतरावा, अशी सोय मीच करून ठेवलीय. सोमवारच्या आत विकत घ्या, कोकिळाही परत येईल!”