पाण्यातला पत्ता

"थांब पोरी, ते बटण दाबू नकोस!"

पोस्टमनकाका खुर्चीतून जवळजवळ उठलेच. नकाशावालीचं बोट कीबोर्डवर अधांतरी राहिलं.

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात ती शहराचा ऑनलाइन नकाशा सांभाळायची. नकाशावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे कॉम्प्युटरवरच्या एका टेबलमधली, पत्त्यांच्या तक्त्यातली, एक ओळ. गेल्या महिन्यात एका चुकीच्या ओळीपायी रुग्णवाहिका वीस मिनिटं भलत्याच गल्लीत फिरली. पेशंट नशिबानं वाचला. तेव्हापासून साहेबांनी धोशा लावला होता, टेबल साफ करा. आणि गल्ली न् गल्ली तोंडपाठ असलेल्या या रिटायर्ड पोस्टमनला त्यांनीच मदतीला बोलावलं होतं.

सकाळपासून दोघांचं झकास जमलं होतं. नदीच्या हद्दीत पडलेले सगळे ठिपके तिनं एसक्यूएलच्या एका क्वेरीनं, म्हणजे टेबलाला लिहून दिलेल्या एका हुकमानं, शोधून काढले. सत्तेचाळीस निघाले. नदीत न्हाव्याचं दुकान, नदीत बालवाडी, दातांचा दवाखाना तर ऐन धारेत. काका पोट धरून हसले. मग एकेकाला काठावर काढायला लागले.

"न्हाव्याला पुलाच्या अलीकडे घे. बालवाडी पलीकडे. दातवाल्याला राहू दे बुडालेला, माझी चांगली दाढ उपटली होती त्यानं."

तिनं हसत हसत त्यालाही वाचवलं.

शेवटी एकच ओळ उरली. नाव नाही, घर नंबर नाही. ठिपका काठापासून दहा पावलं आत, पाण्यात. तिनं क्वेरी लिहिली, अजून पाण्यात असेल ते डिलीट. आणि तेवढ्यात काका ओरडले.

"चूक नाही ती. होडी आहे, जुन्या धक्क्याला बांधलेली. एक शिवणकाम करणारी बाई राहते तिथं."

"होडीला कुठं पत्ता असतो, काका?"

"मी वर्षानुवर्षं टपाल टाकलंय तिथं, ते काय माशांना? उद्या तिच्या छातीत कळ आली, तर तुमची गाडी शोधणार कुणाला?"

तिनं बोट मागे घेतलं. पाण्यात असेल ते चूक, हा तिचा नियम सेहेचाळीस वेळा बरोबर ठरला होता. सत्तेचाळिसाव्या वेळी त्यानं एक जितंजागतं माणूस पुसलं असतं. तिनं क्वेरी खोडली. नवी लिहिली, फक्त त्या एका ओळीपुरती. नाव: शिवणवाल्या बाईंची होडी, जुना धक्का. सूचना: गाडी धक्क्यापर्यंत जाते, स्ट्रेचर फळीवरून न्यावं.

बटण दाबल्यावर नकाशावरच्या निळ्या पट्ट्यात एक लाल ठिपका ठसठशीत उमटला. काकांनी समाधानानं मान डोलावली.

"पण काका, तुम्हाला रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. बाई अजून तिथंच आहेत, हे नक्की ना? साहेब विचारतील मला."

काका चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

"आहे तिथंच. नक्की."

"बरं. मग एवढा शेवटचा रकाना राहिलाय. राहणारी माणसं किती? एक लिहू?"

काकांचे कान लाल झाले.

"रविवारपर्यंत एक," ते म्हणाले. "रविवारी लग्न आहे आमचं. सोमवारी दोन कर."