मालक घरी न्हाईत

वालूरच्या बाजारगल्लीत सरकारी जीप वळली आणि दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. तेही ऐन बाजाराच्या दिवशी! कोणी मागल्या दारानं शेतात पळालं, कोणी आतच दडून बसलं. उघड्यावर राहिली एकटी सरजाबाई. तिला फळ्या लावायच्या तरी कुठं? पोतं अंथरून ती रस्त्याच्या कडेला लसूण-मिरची विकत होती.

जीपमधून उतरले दिनकरराव, वजनं तपासणारे साहेब. माणूस भला. वजनांवरचा दरसालचा शिक्का गावातच येऊन मारून द्यावा, दुकानदारांचा परभणीच्या कचेरीचा हेलपाटा वाचेल, ही कल्पना त्यांचीच. आता वरून विचारणा आली होती, की असं गावोगाव फिरून व्यापाऱ्यांचा त्रास खरंच कमी होतोय का? त्यांनाच विचारा. होत नसेल तर बंद करा.

सरजाबाईनं आपली लोखंडी वजनं पुढं केली. साहेबांनी ती तिथंच तपासली, शिक्का मारला आणि परत दिली.

"बास? झालं?" तिला खरंच वाटेना.

"झालं मावशी. पण पुढल्या वर्षी परभणीलाच या. एकट्या तुमच्यासाठी गावात कोण येऊ देणार मला?"

परभणी सरजाबाईनं भोगली होती. एस्टीत वजनांची पिशवी मांडीवर, मग रांग, आणि नंबर आला की 'ठेवून जा, उद्या या.' वजनं तिकडं अडकली तर बाजार कसा करायचा? आणि बाजार बुडाला तर चुलीवर काय ठेवायचं? ती तरातरा उठली आणि समोरच्या किराणा दुकानावर थापा मारायला लागली.

"व्यंकटराव, भाईर या! साहेब नुसतं इचारायला आलेत."

"मालक घरी न्हाईत," आतून आवाज आला. आवाज व्यंकटरावाचाच.

दिनकररावांना हसू फुटलं. मग त्यांनाच वाईट वाटलं. "मावशी, मी काही धाड घालायला नाही आलो."

"मला कळतंय साहेब. त्यायला कसं कळावं? तुमच्या आधीचे साहेब बी असंच हसत हसत आलते. जाताना वजनं जप्त करून नेली."

एव्हाना खेड्यापाड्यांतून बाजाराला आलेल्या बाया जमल्या. "सरजामाय, आज कशाचा बंद गं? नामांतराचा का?"

"कशाचा न्हाई. काय पायजे ते बोला."

बाकी सगळं बंद, मग काय! तिच्या पोत्याभोवती ही झुंबड उडाली. दोन हात पुरेनात. दिनकररावांनी बाह्या वर सारल्या आणि ताजवा उचलला. साहेबांचं तोलणं ते, दांडी अगदी सरळ, केसभर इकडं नाही की तिकडं नाही.

"हे काय तोलणं झालं?" एक बाई फणकारली. "जराशी झुकू द्या की दांडी!"

"सरळच पाहिजे, बाई. कायदा आहे."

"कायदा तुमच्या कचेरीत. आमच्या बाजारात झुकतं माप लागतंय."

सरजाबाईनं हसून वर चार मिरच्या टाकल्या. पुढच्या गिऱ्हाइकाला साहेबांनी मुकाट्यानं आपल्याच हातानं लसणाची एक कुडी वर टाकली.

फळीच्या फटीतून व्यंकटराव हे बघत होता. नेहमीची गिऱ्हाइकं सरजाबाईकडं, आणि चक्क साहेब तोलायलाय! त्याला काही राहवेना. एक फळी निघाली, मग दुसरी. अंग चोरत तो वजनं घेऊन बाहेर आला.

त्याच्याही वजनांवर शिक्का बसला. "आता खरं सांगा," दिनकरराव म्हणाले. "आमच्या कचेरीचा त्रास होतो का तुम्हाला?"

"छ्या छ्या! दारी आलेल्या माणसाला तरास म्हणत असतेत का, साहेब?"

सरजाबाई भडकलीच. "मग फळ्यामागं काय देव पुजायलाव का सकाळधरनं? ह्यो माणूस आपल्यासाठी भांडायलाय, आन तुमी गोड बोलून त्याला वाटंला लावायलाव!"

व्यंकटरावानं डोकं खाजवलं. "आता तरास म्हंजी... तुमी आलाव की भिऊन दुकान बंद ठिवतो. दिस बुडतो."

दिनकररावांची मान खाली गेली. लिहायला काढलेल्या पेनाला त्यांनी टोपण लावलं. मग विचारलं, "आणि परभणीला यावं लागलं तर?"

"तवा दोन बुडतेत."

"लिवा!" सरजाबाई साहेबांच्या पुढ्यातच येऊन उभी राहिली. "हेच लिवा, साहेब. एक दिस वाचतोय आमचा. तेवढा काढून घिऊ नका."